मीनूचे रविवार

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या वॉटफर्डच्या स्टेशनवर तीच घोषणा सुरू होते. रुळांवर पानं पडली आहेत, गाड्या सावकाश चालतील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. नवीन होतो तेव्हा मला तिचं हसू यायचं. पानांमुळे कधी गाडी अडते का? पण ओली पानं चाकाखाली चिरडली की त्यांचा साबणासारखा बुळबुळीत थर तयार होतो आणि मग ब्रेक धरत नाहीत, हे मला दत्ताकाकांनी समजावून सांगितलं. काकांनी आयुष्यभर इथल्या रेल्वेत गार्डची नोकरी केली होती. आता घोषणा ऐकली की हसू येत नाही. मी कोटाची कॉलर वर करतो आणि मला वेम्बलीतली एक वरच्या मजल्यावरची खोली आठवते. तिथला जुन्या कागदाचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास. खिडकीबाहेर पिवळं पडलेलं झाड. आणि दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कुमुदकाकू, ज्या त्या खोलीत कधीच पाऊल टाकत नसत.

ती दोन हजार सहा सालची पानगळ. मी तिशीचा होतो. नागपूरहून कंपनीने पाठवलेला, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा, एकटा. वॉटफर्डमधल्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात माझ्याकडे एक पलंग, एक प्रेशर कुकर आणि लंडनच्या ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, एकशे दहा जुने नकाशे होते. खिशात मावणारे, घडीचे नकाशे. स्टेशनांवर फुकट मिळायचे, लोक वापरून फेकून द्यायचे. मी ते जमवत होतो.

का जमवत होतो, हे त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पहिला नकाशा चॅरिटी शॉपमधून घेतलेल्या एका पुस्तकात खुणेसाठी घातलेला सापडला. त्यात स्टॅनमोरकडे जाणारा फाटा तपकिरी होता. मी रोज बघायचो तो करडा. एवढ्या एका रंगावर मी तासभर अडकून पडलो. मग दुसरा शोधला, तिसरा शोधला. एखाद्या वर्षी एक स्टेशन गळतं, एखाद्या वर्षी नवी निळी रेघ उगवते, आणि शहर काही न बोलता बदलून जातं. ज्या शहराचा मी कोणीच नव्हतो, त्याचं जुनं मला माहीत आहे, ही भावना एकट्या माणसाला बरी वाटत असावी. वर्षाप्रमाणे लावलेले, प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले, डाग नसलेले, कोरे. कोरेपणाचं मला फार होतं.

दत्ताकाका भेटले ते त्याआधी दोन वर्षं, एका चर्चच्या हॉलमध्ये. तिथे वर्षातून दोन-तीनदा रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं फेअर भरतं. सकाळी दारापाशी ओल्या कोटांचा वास, कोपऱ्यात चहाच्या मोठ्या भांड्याची वाफ, लांबलचक टेबलांवर तिकिटं, टोप्या, कंदील, पितळी बटणं, आणि त्यांच्यावर वाकलेली पिकल्या केसांची माणसं. कोणी फारसं बोलत नाही. एका खोक्यात मी नकाशे चाळत होतो. पलीकडून एक सुरकुतलेला हात आला आणि कोणीतरी स्वतःशीच पुटपुटलं, "वा रे वा, तुम्ही इथे लपून बसलात होय?"

मराठी ऐकून मी दचकलो. वर बघितलं तर सत्तरीचे एक गृहस्थ, लोकरीची टोपी घातलेले, हातातल्या तिकिटाशी बोलत होते.

"काका, तुम्ही कुठले?" मी विचारलं.

"मिरजेचा," ते म्हणाले. आणि मग जणू दहा वर्षांची ओळख असल्यासारखं, "हे धर जरा. चष्मा काढतो."

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या घरी जात राहिलो. काकांचा संग्रह माझ्यासारखा शिस्तीचा नव्हता. जिन्यात स्टेशनांच्या नावांच्या पाट्या, वरच्या खोलीत शिट्ट्या, हातकंदील, तिकिटाला भोक पाडायचे चिमटे, वेळापत्रकांच्या चळती. नकाशे बुटांच्या खोक्यांत कोंबलेले. आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. नकाशावर कोणी पेन्सिलने काही लिहिलेलं असलं की मी मऊ रबराने ते काढून टाकायचो. काका ते खपवून घेत नसत.

"हे बघ, इथे लिहिलंय, डेंटिस्ट, साडेतीन. बिचाऱ्याचा दात किती ठणकत असेल, बघ तरी."

"काका, त्याने कंडिशन जाते."

"माणसाने वापरलाय ना तो? मग वापरलेला दिसू दे की."

मी हसून सोडून द्यायचो. म्हाताऱ्या माणसाचं हळवेपण, असं मला वाटायचं.

काकू चहा आणून दारात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा कचरा आवरून झाला की खाली या, पोहे केलेत." कचरा हा शब्द त्या रागाने उच्चारत नसत, जसं दुसरं कोणी पुस्तकं म्हणेल तसं म्हणत. खालच्या बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरी होत्या, दोघांच्या आईवडिलांचे फोटो होते. मूलबाळ नसावं, असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षांत मी विचारलं नाही. कुठल्या वर्षी कुठल्या नकाशाचा कागद बदलला, हे मी काकांना तीनतीनदा विचारलं होतं.

दोन हजार सहाच्या जुलैत काका गेले. हृदयाचं दुखणं होतं, हॉस्पिटलमध्ये दहा दिवस काढले. सप्टेंबरच्या शेवटी काकूंचा फोन आला.

"मंदार, घर विकायचं ठरवलंय मी. साताऱ्याला बहिणीकडे जाईन. ते वरचं सगळं एक दुकानदार व्हॅन आणून घेऊन जाणार आहे, पण त्याआधी तू येऊन बघशील का? तुला हवं ते घे. बाकीचं लावून दे. मला त्यातलं काही कळत नाही."

मग दर शनिवारी मी जाऊ लागलो. वॉटफर्डहून मेट्रोपॉलिटन लाइनची ती जुनी गाडी, डोक्यावर सामानाच्या जाळ्या, खिडकीच्या काचेला चिकटलेली ओली पानं. वेम्बली पार्कला उतरलं की नव्या स्टेडियमची पांढरी कमान दिसायची. कमान उभी राहिली होती, आतलं काम अजून चालू होतं. तिथून बस. काकूंच्या घरी दार उघडताना आधी त्यांच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज यायचा, मग त्या. तीन महिन्यांत त्या लहान झाल्यासारख्या दिसत होत्या.

पहिल्याच शनिवारी मला तो नकाशा सापडला.

कपाटात काकांचा युनिफॉर्मचा कोट होता, जाड, काळा, खांद्यांवर धूळ बसलेला. बटणं बघावीत म्हणून मी तो बाहेर काढला. आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं, उघडलं आणि उजेडात धरलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, मी चार वर्षं शोधत होतो तोच. माझ्या रांगेत तेवढी एकच जागा रिकामी होती. घड्या अजून शाबूत, रंग टवटवीत. फक्त स्टेशनांच्या नावांशेजारी पेन्सिलची टिंबं होती, बरीच. काही बारीक, काही दाबून काढलेली, काही रेघेच्या बाहेर गेलेली.

मी तो माझ्या बॅगेत ठेवला. काकू खाली स्वयंपाकघरात होत्या. हाक मारली असती तर 'घे की' म्हणाल्या असत्या. त्यांनी आधीच तसं सांगितलंही होतं. मग मी हाक का मारली नाही? हे मी पुढे स्वतःला खूपदा विचारलं. चोरी म्हणावी अशी ती चोरी नव्हती. पण जमवणाऱ्या माणसाला एक भीती असते. हवी ती वस्तू समोर आली की ती वस्तू आणि आपण यांच्यामध्ये कोणी एक शब्दही बोलू नये असं वाटतं. त्यांनी हातात घेऊन बघितला असता, "हा कोणता?" विचारलं असतं, तेवढाही उशीर मला नको होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी टेबल खिडकीशी ओढलं, खाली स्वच्छ पांढरा कागद अंथरला आणि मऊ रबर घेऊन बसलो. एका दिशेने, अलगद, कागदाची साय न खरवडता. एक टिंब गेलं की ब्रशने रबराचा भुगा झटकायचा, मग पुढचं. वेम्बलीच्या आसपास ती दाट होती, मग शहरभर विखुरलेली. एका लांबच्या टोकाला पेन्सिल इतकी जोरात दाबली होती की तिथे बराच वेळ गेला आणि कागद थोडासा खरबरीत झालाच. त्याचं मला वाईट वाटलं. बाहेर पोरं वाळक्या पानांच्या ढिगात उड्या मारत होती. पाच वाजेपर्यंत नकाशा कोरा झाला. मी भुगा गोळा करून केराच्या डब्यात टाकला, नकाशा पाकिटात घातला, रांगेतल्या रिकाम्या जागी सरकवला आणि समाधानाने बघत राहिलो. ते समाधान मला अजून आठवतं. त्याची लाज वाटते.

दिवाळीच्या आधीचा शनिवार असेल. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, मिठायांच्या दुकानांसमोर रांगा होत्या. काकूंनी चिवडा केला होता. "ह्यांच्यामागे करायचं का नाही, कळत नव्हतं. पण हात थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो होतो. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतो आणि काकूंनी विचारलं,

"एक नकाशा सापडला का रे तुला? पेन्सिलने टिंबं टिंबं केलेला?"

मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हातातल्या वाटीकडे बघत होत्या.

"कुठला, काकू?"

"मीनूचा."

आणि मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मधेच चहाचा घोट घेत, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

मीनू त्यांची मुलगी. इथेच जन्मलेली. काकू बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला होत्या आणि रविवारची शिफ्ट त्यांची ठरलेली. काकांना सुट्टी असेल त्या रविवारी बापलेक दोघं निघायचे. काकांना रेल्वेचा पास होता. दर खेपेला एक नवं स्टेशन. नियम मीनूने केलेला: नुसतं उतरून चालायचं नाही, स्टेशनच्या बाहेर जायचं, थोडं फिरायचं, काहीतरी बघायचं. परतीच्या गाडीत बसलं की मग ती पेन्सिल काढायची आणि टिंब द्यायची.

"'बाबा, हा स्टेशन आपली झाली,' असं म्हणायची," काकू हसल्या. "मराठी असलंच होतं तिचं. हा आणि ही कधी जमलं नाही. सगळी स्टेशनं करायची होती तिला. सगळ्या लंडनची."

"मग?"

"नऊ वर्षांची होती. फेब्रुवारीत ताप आला. मेंदूचा ताप. तीन दिवसांत गेली."

मी कप खाली ठेवला.

"त्यानंतर ह्यांनी तो नकाशा कधी बाहेर काढला नाही. मीही विचारलं नाही. आणि वर्षभराने घरात हे कागद यायला लागले. नकाशे, तिकिटं, कंदील. मला काय वाटायचं सांगू? पोटची पोर गेली आणि हा माणूस कागद गोळा करतोय. मी त्या खोलीत जायचीच नाही. बत्तीस वर्षं, मंदार. आम्ही तिच्याबद्दल बोललो नाही असं नाही. श्राद्धाला बोलायचो, वाढदिवसाला मी शिरा करायची. पण त्या रविवारांबद्दल नाही. ते त्यांचे होते. मी तिथे नव्हतेच ना." त्यांनी वाटी खाली ठेवली. "हॉस्पिटलात शेवटी शेवटी म्हणाले, 'मीनूचा नकाशा ठेवलाय हं मी. टाकला नाही. तू बघ.' मी म्हटलं, घरी आलात की दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येईना."

मी म्हणालो, "बघतो, काकू."

एवढंच म्हणालो. चिवडा संपवला सुद्धा. बाहेर बसस्टॉपवर फटाक्यांचा धूर होता आणि मला वाटत होतं, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या बॅगेतलं रबर दिसतंय.

रविवारी सकाळी उजेड चांगला होता. मी तो नकाशा पाकिटातून काढून खिडकीच्या काचेशी तिरपा धरला. दाबून काढलेल्या पेन्सिलची कागदावर खोच राहते, रबराने ती जात नाही. काही दिसल्याही. पण ती टिंबाची खोच की खिशात राहून पडलेला वळ, हे ठरवता येईना. डोळ्यांना पाणी येईपर्यंत मी बघत राहिलो. मग मी पेन्सिल घेतली. टोक काढलं. अंदाजाने काढावीत टिंबं, वेम्बलीजवळ दाट, पुढे विरळ. काकूंनी तो नकाशा कधी नीट बघितलेला नव्हता, त्यांना कळलं नसतं. पेन्सिल कागदाच्या इतकी जवळ गेली होती की तिची सावली एका स्टेशनच्या नावावर पडली. पण म्हणजे मी कुठलं तरी स्टेशन निवडणार आणि एक मूल तिथे गेलं होतं असं एका आईला सांगणार. पेन्सिल मी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर जोरात लावला.

पुढच्या शनिवारी मी त्याहून भित्रं काम केलं. नकाशा तसाच, कोरा, काकूंनी बघायला बाजूला ठेवलेल्या चळतीत सरकवून दिला. आता त्या वरच्या खोलीत येऊ लागल्या होत्या. खिडकीशी खुर्ची घेऊन, भिंग लावून, एकेक नकाशा उघडून बघायच्या. तो हातात आला तेव्हा मी पाठ करून खोक्याला दोरी बांधत होतो. कागद उलगडल्याचा आवाज आला. मी गाठ सोडून पुन्हा बांधली.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "हा तर अगदी कोरा आहे. तुझ्या कामाचा असेल बघ. घे."

आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला.

मला माणसांची पारख आहे असं मी कधी म्हटलेलं नाही, पण त्या क्षणी मला स्वतःची झाली.

नोव्हेंबर लागला. घड्याळं तासभर मागे गेली होती, चार वाजता दिवे लावावे लागत. काकू शोधत होत्या. वेळापत्रकं उलटी धरून झटकत होत्या, पाट्यांच्या मागे हात घालून बघत होत्या, युनिफॉर्मच्या कोटाचे खिसे त्यांनी माझ्यासमोर दोनदा उलटे केले. शोधताना त्यांना काकांच्या इतर वस्तू सापडत गेल्या आणि त्या प्रथमच त्यांच्याकडे बघत होत्या. एक शिट्टी ओठांना लावून त्यांनी हळूच फुंकली. "ह्यांची ही शिट्टी मी प्लॅटफॉर्मवर कधी ऐकलीच नाही," म्हणाल्या. त्यांचा तो 'कचरा' हा शब्द कधी नाहीसा झाला, माझ्या लक्षात आलं नाही.

मी दर शनिवारी ठरवून जायचो की आज सांगायचं. गाडीत वाक्य जुळवायचो. दारात किल्ल्यांचा आवाज आला की वाक्य विसरायचो.

शेवटच्या शनिवारी दुकानदाराची व्हॅन येऊन गेली होती. कंदील गेले, पाट्या गेल्या, जिन्याच्या भिंतीवर चौकोनी फिके डाग राहिले. वरची खोली एवढी मोठी आहे, हे मला माहीत नव्हतं. काकू तिच्या मधोमध उभ्या होत्या, हात रिकामे.

"टाकला असेल ह्यांनी," त्या म्हणाल्या. "केव्हाच टाकला असेल. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, ठेवलाय म्हणून. जाताना माणूस बोलतो असं काहीतरी."

तोपर्यंत मी माझ्या भित्रेपणाला बरीच नावं दिली होती. त्यांना दुःख होईल, आता काय उपयोग, जाऊ दे. पण हे ऐकलं आणि मला काकांचा तो सुरकुतलेला हात दिसला. ज्या माणसाने बत्तीस वर्षं तो कागद छातीशी असलेल्या खिशात जपला, त्याची बायको त्याला खोटं ठरवून साताऱ्याला जाणार होती. माझ्यामुळे.

"काकू, टाकला नव्हता," मी म्हणालो. "कोटाच्या आतल्या खिशात होता. मी पहिल्याच दिवशी घेतला. तुम्हाला न सांगता. मी तुम्हाला दाखवला तो कोरा नकाशा, तोच तो. टिंबं मी खोडली. मला माहीत नव्हतं, पण खोडली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना एकेक शब्द पोचायला वेळ लागत होता.

"म्हणजे टाकला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कोटात होता?"

"आतल्या खिशात. डाव्या बाजूच्या."

त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे वळल्या. रागावतील, निघ म्हणतील, याची मी वाट बघत होतो. मला ते हवंही होतं.

"सगळी खोडलीस?"

"हो."

"किती होती?"

एकशे दहा नकाशांचं वर्ष, महिना, कागद, छपाई मला तोंडपाठ होतं. "मोजली नाहीत, काकू."

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेच बघायचं होतं. किती रविवार गेली ती. कुठे कुठे गेली. मी कधी विचारलंच नाही ना. शिफ्टवरून मी यायची तर पाय सुजलेले असायचे. ती सांगायला लागायची आणि मी म्हणायची, उद्या सांग हं, राणी."

एवढं बोलून त्या खाली निघून गेल्या. मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो. खालून नळाचा आवाज आला, मग तोही थांबला. बाहेर अंधारून येत होतं. मला वाटलं, आता आपणच मुकाट्याने निघावं. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. टेबल पुसून कोरडं केलेलं. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज रोजचाच होता.

"आहे का तुझ्याजवळ?"

बॅगेत होता, गेले चार शनिवार तो माझ्याबरोबर ये-जा करत होता. मी पाकिटातून काढून टेबलावर पसरला. काकूंनी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, सामानाची यादी करायची, आखूड झालेली.

"रिकमन्सवर्थ कुठे आहे यात? दाखव."

चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या या शहरात राहिल्या होत्या, पण नकाशात त्यांना काही सापडत नव्हतं. त्यांचा रस्ता घर ते फॅक्टरी एवढाच होता. मी वर डावीकडे, जांभळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"एकदा फॅक्टरीतलं मशीन बंद पडलं आणि शिफ्ट कॅन्सल झाली. एकदाच. त्या रविवारी मी गेले होते त्यांच्याबरोबर. तिथे तळं आहे. बदकं होती. मी पोळीभाजी बांधून नेली होती आणि मीनूने सगळ्या पोळ्या बदकांना घातल्या. हे रागावले, मी हसत सुटले." त्यांनी माझ्या बोटाशेजारी पेन्सिल टेकवली आणि एक टिंब काढलं. थोडं मोठं झालं. "हे एवढं मला नक्की माहीत आहे."

मग पेन्सिल हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "तुला एखादं तरी आठवतं का रे? खोडताना दिसलंच असेल की."

मी डोळे मिटले. ती रविवारची दुपार, पांढरा कागद, रबराचा भुगा. वेम्बलीजवळची दाट टिंबं नुसती दाटीच म्हणून आठवत होती. त्यातली नावं कोणती, सांगता येत नव्हतं. मध्यावरची सगळी एकमेकांत मिसळून गेली होती. आणि मग ते एक आठवलं, जोरात दाबलेलं, जिथे कागद खरबरीत झाला होता.

"एक आठवतं. नक्की आठवतं. अपमिन्स्टर."

"ते कुठे आलं?"

मी बोट उचललं आणि उजवीकडे नेत गेलो. सगळं लंडन ओलांडून, नदीच्या वरच्या अंगाने, हिरव्या रेघेच्या पार शेवटी. कागदाच्या कडेपर्यंत. काकू वाकून बघत होत्या. वेम्बलीपासून तिथपर्यंत त्यांनी नजर सावकाश नेली, परत आणली, पुन्हा नेली.

"एवढ्या लांब?"

"हो. जायलाच दोन तास लागले असतील."

मग त्या सरळ झाल्या आणि मला विचारलं, मला उत्तर माहीत असणार असं धरून, काळजीने, जणू ते दोघं अजून वाटेतच आहेत अशा आवाजात,

"मग तिथे जेवली काय असेल रे ती?"